छाट

दुसऱ्या अल्बमचं नाव लावण्यानं आणलं,
आईच्या सुपातून.
हजार विड्या वळायच्या, कारखान्यात न्यायच्या,
चेकर बोटांनी चाचपतो
आणि पन्नास-साठ बाजूला टाकतो.
सैल आहे. जाड आहे. तोंड नीट बंद नाही.
ती छाट.
तिचे पैसे मिळत नाहीत, ती माघारीही मिळत नाही.
इरण्णा म्हणाला, बे, हे तर आपलंच नाव.

पहिल्या अल्बमला राग आयता होता,
वीस वर्षं साठलेला.
एका रात्रीत ओतला, नाव ठेवलं 'भोंगा',
आणि भोंग्यासारखाच तो वाजून गेला.
पुण्यात चाळीस पोरांनी ऐकला, त्यातल्या एकानं विचारलं,
सोलापुरात पण असलं असतं का?

दुसऱ्याला राग कुठून आणायचा?
जुबेरला टॉवेलच्या पॅकिंगला नोकरी लागलेली,
इरण्णाचं लग्न ठरत आलेलं, मुलगी विजापूरची,
मी हप्त्यावर बास घेतलेला,
आणि हप्ता भरणारा माणूस जरा जपूनच ओरडतो.

तरी अकरा गाणी झाली. एकूण एकोणीस मिनिटं.
लावण्याची आई म्हणाली, एवढंच?
एवढ्यात माझे दोन कट्टे पण होत नाहीत.

रेकॉर्डिंग नरसय्याकाकांच्या शेडमध्ये,
अशोक चौकाच्या मागं, सुट्टीच्या दिवशी.
आठ माग गप्प उभे.
एकावर चादर अर्धीच ताणलेली,
मोराचं धड उतरलेलं,
मान अजून जॅकार्डच्या पुठ्ठ्यात.
आवाज घुमू नये म्हणून भिंतींनाही चादरी लावल्या,
सेकंड क्वालिटीच्या.

काकांना ऐकू येत नाही.
बेचाळीस वर्षांत मागांनी दोन्ही कान खाल्ले.
ते आले, खुर्ची ओढून बसले, चपला काढल्या,
तळपाय फरशीवर टेकवले.
सातवं गाणं संपल्यावर जुबेरला जवळ बोलावलं
आणि हवेतच धोटा फेकून दाखवला:
डावीकडून येताना उशीर होतोय.
तेलुगूत एक शिवी, मग मराठीत, तार तुटंल.
आम्ही परत लावून ऐकलं.
होत होता. डावा हात. केसाएवढा.
जुबेर बराच वेळ कुणाशी बोलला नाही.

शेवटचं गाणं दहा वेळा फसलं.
अकराव्याला जमलं, असं जमलं
की गिटारची तार तुटली तरी इरण्णा थांबला नाही,
लावण्या गळ्याच्या शिरा फुगवून
'मोजू नको मला, मोजू नको',
आणि बाहेर बोळात कोणतरी तिच्याहून मोठ्यानं ओरडलं,
पाणी आलं!

पाचव्या दिवशी आलेलं पाणी.
तिनं माईक खाली ठेवला. टाकला नाही, नीट ठेवला.
घर पुढच्याच बोळात, घागरी दाराशीच.
तिच्यामागं इरण्णा.
मग मी, बास गळ्यात तसाच, वायर मागं सरपटत.
जुबेर एकटा वाजवत राहिला,
डावा हात आता वेळेवर.
काका डोळे मिटून. तळपाय फरशीवर.

एवढं कापायचं का, यावर आठ दिवस भांडलो.
जुबेर म्हणाला, कापा, माझंच हसू होईल.
लावण्या म्हणाली, छाट आहे ना? मग?

म्हणून अकराव्या गाण्यात आवाज मधेच जातो,
नंतर गिटार, नंतर बास.
ड्रम राहतात, मग नुसती झांज,
मग उघड्या दारातून बॅरलमध्ये पडणारं पाणी,
आधी तळाचा पोकळ आवाज,
हळूहळू भरत गेलेला,
आणि अगदी शेवटी एक बाई कानडीत म्हणते,
सरक, माझा नंबर आहे.